भंगारातली सुरी

आम्ही काही मित्र गेली काही वर्षं शिक्षकांबरोबर विज्ञानाच्या कार्यशाळा घेत आलो आहोत. अशाच एका कार्यशाळेत, एका तालुक्याच्या गावी, विषय होता धातूंचे गुणधर्म. धातू तापवला की मऊ होतो, ठोकला की पसरतो, ही वाक्यं आपण सगळ्यांनीच पुस्तकात वाचलेली असतात आणि मुलांकडून पाठही करून घेतलेली असतात. ती एकदा डोळ्यांनी पाहावीत म्हणून बाजारतळाजवळ पाल ठोकून बसलेल्या घिसाड्याकडे जायचं ठरलं. रिकाम्या हातांनी कसं जायचं, म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून एक नवी कोरी लोखंडी पट्टी घेतली. खिडकीच्या ग्रिलसाठी वापरतात तसली. "मामा, याची एक सुरी करून द्या," असं म्हणून ती पुढे केली.

मामांनी पट्टी हातात घेतली, ऐरणीवर एकदा वाजवली आणि परत आमच्याच हातात दिली. "ही पाणी धरायची न्हाई, गुरुजी. सुरी व्हईल, पर लोणी कापायला." मग त्यांनी गाडीखालच्या ढिगातून गंजलेला, एका टोकाला तुटलेला, जाडजूड तुकडा ओढून काढला. तो ट्रकचा पाटा होता. ट्रकच्या आसाला जोडलेल्या, एकावर एक रचलेल्या, धनुष्यासारख्या वाकलेल्या पट्ट्या आपण पाहिलेल्या असतात. खड्ड्यातून जाताना बसणारा हिसका त्या वाकून झेलतात आणि पुन्हा मूळ आकारात येतात. गॅरेजवाले त्यांना पाटे म्हणतात. तुटला की पाटा किलोच्या भावाने भंगारात जातो.

म्हणजे पैसे मोजून आणलेलं नवं लोखंड नापास झालं आणि भंगार पास झालं. असं का?

मामांनी आधी पाट्याचं तुटलेलं टोक वीतभर छाटून बाजूला टाकलं. (याचं कारण पुढे येईल.) मग कोळशाच्या भट्टीत तुकडा सरकवला. भात्याची जागा आता हाताने फिरवायच्या पंख्याने घेतली आहे. तो त्यांचा मुलगा फिरवत होता. तुकडा आधी काळपट लाल, मग लाल, मग नारिंगी झाला. सांडशीने धरून तो ऐरणीवर आला आणि मावशींनी घण उचलला. मामा लहान हातोडीने नुसती टिचकी मारल्यासारखं करत, आणि जिथे टिचकी पडे तिथेच मावशींचा घण पडे. बोलणं काहीच नाही. रंग उतरून पुन्हा काळपट लाल झाला की घण थांबे आणि तुकडा परत भट्टीत जाई. अर्ध्या-पाऊण तासात जाड पाट्याची पातळ सुरी झाली. कानशीने घासून धार काढली. शेवटी ती पुन्हा लाल करून मामांनी पाण्यात धरली. चर्र असा आवाज झाला आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

टाळ्या वाजवून आमच्यातले बरेच जण वह्या उघडून टिपणं लिहायला लागले. मामांच्या हातांचं काम मात्र अजून संपलेलं नव्हतं. तिकडे आमचं लक्ष नव्हतं, आणि ते आम्हांला दुसऱ्या दिवशी महागात पडलं.

चिमूटभर कार्बन

लोखंड आणि पोलाद यांत फरक कार्बनचा, हे आपल्याला ठाऊक असतं. पण तो फरक किती लहान आहे याची कल्पना बहुधा नसते. ग्रिलच्या पट्टीत कार्बन साधारण ०.२ टक्के किंवा त्याहून कमी असतो. ट्रकच्या पाट्यात तो ०.५ ते ०.६ टक्के असतो. म्हणजे एक किलो पट्टीत दोन ग्रॅम आणि एक किलो पाट्यात साडेपाच ग्रॅम. सगळा फरक साडेतीन ग्रॅमचा.

वजनाने तो क्षुल्लक वाटतो, पण अणूंच्या संख्येने पाहिलं तर तितका क्षुल्लक राहत नाही. कार्बनचा अणुभार १२ आणि लोखंडाचा जवळपास ५६. हे गणित दहावीच्या मुलांकडून करून घ्यावं. उत्तर असं येतं की पाट्यात लोखंडाच्या दर चाळीसेक अणूंमागे कार्बनचा एक अणू असतो. पट्टीत मात्र तो शंभराहून अधिक अणूंमागे एक असतो. चाळीस मुलांच्या वर्गात एक खोडकर मुलगा किती फरक पाडतो हे शिक्षकांना वेगळं सांगायला नको.

भंगाराच्या दुकानात हा हिशेब न मांडता पडलेला असतो. जुन्या कानशीत कार्बन एक टक्क्याच्या वर असतो. बॉलबेअरिंगच्या गोळ्यांत आणि कड्यांत सुमारे एक टक्का, आणि शिवाय दीड टक्का क्रोमियम. पाट्यात कार्बनखेरीज सिलिकॉन, मँगेनीज किंवा क्रोमियम यांतलं काहीतरी, तो कोणत्या जातीच्या पोलादाचा आहे त्यावर अवलंबून. दुसऱ्या टोकाला बिडाचा तवा. त्यात कार्बन तीन टक्क्यांच्या वर असतो, आणि इतका कार्बन घणाच्या कामाला चालत नाही. बीड ठोकलं तर पसरत नाही, फुटतं. हातातून निसटलेल्या तव्याचे दोन तुकडे झालेले अनेक घरांनी पाहिलेले आहेत.

मामांकडे रासायनिक पृथक्करणाची सोय नाही. ते वस्तूचा पूर्वीचा धंदा पाहतात. जी वस्तू आधी वाकून परत येत होती, जी दुसऱ्या धातूला घासत होती, जिच्यावर वर्षानुवर्षं भार फिरत होता, तिचं पोलाद चांगलं असणारच, कारण कारखान्याने ते त्या कामासाठीच निवडलेलं होतं. भंगारात येताना वस्तूचा आकार बिघडलेला असतो, तिचं पोलाद तेच असतं. त्यावर मग आवाजाची परीक्षा. टांगून वाजवलेला कडक पोलादाचा तुकडा खणखणतो, चीर असेल तर बद्द वाजतो. गॅरेजचं ग्राइंडिंगचं चाक जवळ असेल तर ठिणग्यांचीही परीक्षा होते. ग्रिलच्या पट्टीच्या ठिणग्या लांब, सरळ रेघांसारख्या उडतात. पाट्याच्या ठिणग्यांना टोकाला फाटे फुटतात, आणि कानशीच्या ठिणग्या तर फुलबाजीसारख्या फुलतात. ठिणगी म्हणजे घासून निघालेला आणि हवेत जळणारा पोलादाचा बारीक कण. त्यातला कार्बन जळून वायू होतो आणि तो कण आतून फोडतो. कार्बन जास्त, तर फुलं जास्त. या परीक्षेला खर्च नाही. गॅरेजवाल्याला विनंती करून, डोळ्यांवर चष्मा लावून, चार हात लांब उभं राहून मुलांना ती दाखवता येते.

पाणी दिलं म्हणजे काय केलं?

हत्याराला 'पाणी देणं' हा शब्दप्रयोग सगळ्यांच्या ओळखीचा आहे. पण लाल लोखंड नुसतं पाण्यात बुडवल्याने कडक होतं हे अर्धंच खरं. ग्रिलची पट्टी लाल करून दहा वेळा पाण्यात बुडवली तरी ती फारशी कडक होणार नाही. मामा म्हणाले ते हेच: ती पाणी धरत नाही.

यासाठी थोडं अणूंच्या पातळीवर उतरावं लागेल. गार लोखंडात अणूंची रचना अशी असते, की एक घन कल्पिला तर त्याच्या आठ कोपऱ्यांवर आठ अणू आणि मधोमध एक. लोखंड खूप तापलं की अणू आपली बैठक बदलतात. आता ते घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि सहा पृष्ठांच्या मध्यावर येतात. फळवाला संत्र्यांची रास रचतो तशीच ही घट्ट रचना. गंमत अशी की पहिली रचना सैल असली तरी तिच्यातल्या फटी पुष्कळ आणि बारीक असतात. दुसरी रचना घट्ट असली तरी तिच्यातल्या फटी थोड्या पण मोठ्या असतात. कार्बनचा अणू लहान असल्यामुळे तो या फटींत बसतो. बारीक फटींत त्याला जवळजवळ जागाच नसते. मोठ्या फटींत तो बराच सामावतो. आकड्यांत सांगायचं तर ७२७ अंश सेल्सिअसला पहिल्या रचनेत जेमतेम ०.०२ टक्के कार्बन विरघळतो आणि दुसऱ्या रचनेत ०.७७ टक्के. पाट्याचा सगळा कार्बन दुसऱ्या रचनेत सहज मावतो.

आता हा तापलेला तुकडा हळूहळू गार होऊ दिला तर काय होईल? अणू परत पहिल्या बैठकीवर येऊ लागतील. जागा नसलेला कार्बन बाहेर पडेल आणि लोखंडाशी संयोग पावून आयर्न कार्बाइडचे पातळ थर बनवेल. मऊ लोखंड आणि कठीण कार्बाइड यांचे एकाआड एक थर तयार होतील. असं पोलाद चिवट असतं, पण त्याची धार टिकत नाही.

पाण्यात बुडवल्यावर मात्र ही सगळी हालचाल व्हायला वेळच मिळत नाही. लोखंडाचे अणू बैठक बदलू पाहतात, पण कार्बन अजून फटीतच अडकलेला असतो. परिणामी घन धड घन राहत नाही, एका दिशेने ताणला जातो. या ताणलेल्या रचनेला मार्टेन्साइट म्हणतात. आडोल्फ मार्टेन्स (१८५०–१९१४) या जर्मन धातुशास्त्रज्ञाचं हे नाव. धातू वाकतो तेव्हा त्यातले अणूंचे थर एकमेकांवरून सरकत असतात. मार्टेन्साइटमध्ये जागोजागी ताण असल्याने हे सरकणं फार अवघड होतं. म्हणून ते कठीण. ग्रिलच्या पट्टीच्या चार-पाच पट कठीण. पट्टीत अडकवायला पुरेसा कार्बनच नसतो, त्यामुळे तिला पाणी दिलं काय आणि न दिलं काय, सारखंच.

तापमान किती हवं? मामा भट्टीतला रंग पाहतात, म्हणूनच त्यांची भट्टी सावलीत असते. उन्हात लाल रंग कळत नाही. आपल्याला आणखी एक खूण वापरता येते. ७७० अंशांना लोखंडाची चुंबकाकडे ओढलं जाण्याची ओढ संपते. पाट्यासारख्या पोलादाची अणुरचना बदलायला लागतं ते तापमान याच्याच आसपासचं आहे. म्हणून तापलेलं पातं चुंबकाला चिकटेनासं झालं, की आणखी किंचित तापवून पाण्यात घालायचं.

आमची सुरी

हे सगळं ज्ञान आमच्याकडे होतं. आमच्यातल्या एकाची डॉक्टरेट स्फटिकांच्या रचनेवर आहे. त्यामुळे पाट्याचा उरलेला तुकडा घेऊन आपणही एक सुरी करावी असं दुसऱ्या दिवशी वाटलं तर नवल नाही. घण चालवण्याची कुणाची छाती नव्हती, म्हणून ग्राइंडरवर घासून आकार दिला. शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडून गॅसची ज्योत मागून घेतली, सुरी छान नारिंगी होईपर्यंत तापवली आणि अख्खी बादलीत बुडवली. कानस घासून पाहिली तर कानस घसरली. म्हणजे सुरी कानशीइतकी कडक झाली होती! ती हातोहात फिरवली, फळ्यावर मार्टेन्साइटची आकृतीही काढली. जेवणाच्या सुट्टीत सुरी टेबलावरून शहाबादी फरशीवर पडली आणि तिचे दोन तुकडे झाले.

संध्याकाळी दोन्ही तुकडे घेऊन मामांकडे गेलो. त्यांनी मोडलेली बाजू उजेडाकडे धरली. "रवा मोठा पडलाय. लई भाजलं. आन् पाणी उतरवलंच न्हाई."

दोन वाक्यांत आमच्या दोन्ही चुका आल्या होत्या. पहिली चूक 'रव्या'ची. पोलाद म्हणजे असंख्य बारीक स्फटिकांचा गठ्ठा. ते जरुरीपेक्षा जास्त तापवलं तर मोठे स्फटिक लहानांना गिळून आणखी मोठे होतात, आणि असं खरखरीत पोलाद स्फटिकांच्या सांध्यांवरून सहज तुटतं. चांगल्या पोलादाची मोड मखमलीसारखी, राखाडी आणि बारीक दिसते. आमची मोड साखरेसारखी चकाकत होती. आम्ही ही गोष्ट पुस्तकात वाचलेली होती, पण आमच्याच सुरीची मोड पाहून ओळखू शकलो नव्हतो.

दुसरी चूक आदल्या दिवशीच्या टिपणांमुळे झाली. मार्टेन्साइट कठीण असतं तितकंच ठिसूळ असतं. ताण जिरवायला त्यात जागा नसते. म्हणून ते पुन्हा थोडं तापवावं लागतं, दोन-तीनशे अंशांपर्यंत. तेवढ्या उष्णतेने अडकलेल्या कार्बनचा काही भाग जागचा हलतो, कार्बाइडचे अतिसूक्ष्म कण होतात आणि रचनेतला ताण सैल होतो. कठीणपणा थोडा जातो, त्या बदल्यात चिवटपणा येतो. 'पाणी उतरवणं' ते हेच.

मामांनी हे आमच्या देखत केलं होतं. त्या संध्याकाळी त्यांनी ते पुन्हा करून दाखवलं आणि या वेळी वह्या बंद होत्या. लाल सुरी त्यांनी अख्खी बुडवलीच नाही. फक्त धारेची बाजू पाण्यात धरली. पाठीची जाड बाजू पाण्याबाहेर गरमच राहिली. लगेच बाहेर काढून धारेजवळचा भाग विटेच्या तुकड्यावर दोनदा घासून चकचकीत केला, आणि नुसते बघत बसले. पाठीतली उष्णता धारेकडे सरकू लागली, आणि तिच्याबरोबर त्या चकचकीत पट्ट्यावरून रंग सरकू लागले: पुढे फिकट पिवळा, मागे तपकिरी, त्यामागे जांभळा, त्यामागे निळा. पिवळा रंग धारेवरून पुढे गेला आणि तपकिरी धारेला टेकला, तशी त्यांनी सुरी पूर्ण पाण्यात घातली. हा सगळा खेळ मिनिटभरातच संपतो.

हे रंग कुठून येतात? गरम पोलादावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाच्या काही पट एवढीच असते. थराच्या वरच्या पृष्ठावरून आणि खालच्या पृष्ठावरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात, त्यात काही रंग विझतात आणि उरलेले आपल्याला दिसतात. पावसात रस्त्यावर सांडलेल्या डिझेलवर जे रंग दिसतात, त्यांचंही कारण हेच. तापमान वाढेल तसा थर जाड होतो आणि रंग बदलतो. साधारण २२० ते २३० अंशांना पिवळा, २५५च्या सुमाराला तपकिरी, २७५ला जांभळा, ३००ला निळा. फार वेळ ठेवलं तर कमी तापमानालाही पुढचा रंग येतो, पण मिनिटभराच्या कामाला हा तक्ता चांगला लागू पडतो. वस्तऱ्याला पिवळा, भाजीच्या सुरीला तपकिरी. कोयत्याला उसाच्या कांड्यावर दिवसभर दणके खायचे असतात, म्हणून त्याला जांभळ्या-निळ्यापर्यंत जाऊ देतात. एकाच पाट्याचे दोन तुकडे, पण एकाची सुरी होते आणि दुसऱ्याचा कोयता, तो या काही सेकंदांच्या फरकामुळेही.

तुकड्यांतला मोठा भाग मामांनी ठेवून घेतला. "ह्याची बारकी सुरी व्हईल," म्हणाले. मोडलेली, बिघडलेली सुरी पुन्हा चांगली कशी होणार, असा प्रश्न एका शिक्षिकेने विचारला, आणि प्रश्न बरोबर होता. पोलाद पुन्हा त्या मोठ्या फटींच्या रचनेपर्यंत तापवलं, की आधीचं मार्टेन्साइट पुसलं जातं. बेताच्या लालीवर ठोकून दोन-तीनदा हवेत गार केलं की रवाही नव्याने बारीक पडतो. भंगारातल्या पोलादाला हा फायदा नेहमीच मिळतो. आधीच्या मालकाने त्याला कसं वागवलं होतं ते बहुतेक विसरलं जातं. अपवाद दोन. भट्टीत पृष्ठभागावरचा कार्बन जळून जातो तो परत येत नाही. आणि आत पडलेली चीर आगीने मिटत नाही. पाटा लाखो हिसक्यांनी थकून तुटलेला असतो, त्यामुळे तुटलेल्या जागेच्या आसपास न दिसणाऱ्या आणखी चिरा असू शकतात. मामांनी वीतभर पाटा आधीच छाटून टाकला तो यासाठी.

आच नसेल तर

हा सगळा खटाटोप भट्टी असेल तर. पण सरपणच मिळत नसेल तर लोखंडाचा तुकडा हाती येऊनही उपयोग काय? उत्तर-पश्चिम ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर झाडं नाहीत. जॉन रॉस हा ब्रिटिश दर्यावर्दी १८१८ साली तिथे पोहोचला तेव्हा तिथल्या इनुइट लोकांजवळ त्याला लोखंडी धारेच्या सुऱ्या दिसल्या. ते लोखंड आकाशातून पडलेलं होतं. केप यॉर्क भागात फार पूर्वी पडलेल्या लोखंडी उल्केचे मोठमोठे तुकडे होते. त्यांवर बेसॉल्टच्या दगडांनी ठोकून हे लोक नाण्याएवढ्या कपच्या काढत, त्या थंड अवस्थेतच ठोकून पातळ करत आणि हाडाच्या मुठीला खाच पाडून तीत ओळीने बसवत. हाडात बसवलेल्या कपच्यांची ओळ म्हणजेच पातं. रॉबर्ट पिअरीने या उल्केचा सुमारे ३१ टनांचा सर्वांत मोठा तुकडा १८९७ साली अमेरिकेला नेला. तो न्यूयॉर्कच्या संग्रहालयात आहे. ज्यांच्या सुऱ्या त्यातून निघत होत्या त्यांना मात्र तो परत मिळालेला नाही.

या लोखंडात निकेल सुमारे ८ टक्के, पण कार्बन अगदी थोडा. त्यामुळे भट्टी असती तरी त्याला पाणी देता आलं नसतं. मग धार कशाने आली? ठोकण्याने. धातू थंड असताना ठोकला की त्याच्या स्फटिकांत गुंता होतो आणि थर सरकणं अवघड होतं. बाइंडिंगची तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवून पाहा. ती जागा कडक होत जाते आणि मग तुटते. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याची भांडी मठारतात ती नुसती नक्षीसाठी नव्हे. मठारल्याने पत्रा ताठ होतो. पाण्याइतका कठीणपणा या मार्गाने येत नाही, पण सीलची कातडी कापण्यापुरता येतो.

दुसरं उदाहरण अलीकडचं. चीनच्या किनाऱ्यालगत, पण तैवानच्या ताब्यात असलेल्या किनमेन बेटावर २३ ऑगस्ट १९५८ पासून ४४ दिवसांत ४ लाख ७० हजारांहून अधिक तोफगोळे पडले. पुढे दिवसाआड मारा चालू राहिला तो थेट १ जानेवारी १९७९ पर्यंत. नंतरच्या बऱ्याच गोळ्यांत प्रचाराची पत्रकं भरलेली असत. असे गोळे चिंधड्या न होता मोठ्या तुकड्यांत फुटत, आणि लोहारांना ते जास्त सोयीचे. बेटावरच्या लोहारांनी त्यांच्या स्वयंपाकाच्या सुऱ्या केल्या. त्या आजही तिथे विकल्या जातात. पुस्तकांत याचं वर्णन चमत्कारासारखं येतं. पण लोहाराच्या नजरेला ट्रकचा पाटा आणि तोफगोळ्याचं कवच यांत फारसा फरक दिसत नसावा, असं आम्हांला वाटतं.

वर्गात करण्यासारखं

भट्टी आणि घण शाळेत आणता येत नाहीत, पण सुया आणता येतात. शिवणकामाची सुई जास्त कार्बनच्या पोलादाची असते. चार सुया घ्या. पहिली तशीच ठेवा. दुसरी पकडीत धरून गॅसच्या निळ्या ज्योतीत लाल करा आणि ज्योतीतून सावकाश बाहेर काढत गार होऊ द्या. तिसरी आणि चौथी लाल करून झटकन पाण्यात टाका. चौथी पुढे पॉलिश पेपरने चकचकीत करून पत्र्याच्या तुकड्यावर ठेवा, पत्रा खालून मंद आचेवर तापवा आणि सुई निळी होताच उचला. आता चारही सुया पकडीने वाकवून पाहा. दुसरी तारेसारखी वाकते आणि वाकलेलीच राहते. तिसरी कट्कन तुटते. चौथी वाकून परत सरळ होते. पहिली यांतल्या कोणासारखी वागते, आणि त्यावरून कारखान्यात तिच्यावर काय केलं असेल, हे मुलांनाच ठरवू द्या. हाच प्रयोग बाइंडिंगच्या तारेवर केला तर काहीच घडत नाही, आणि हे 'काहीच न घडणं' दाखवणं आम्हांला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं.

आमचा प्रयोग पहिल्या दोन वेळा फसला. तिसरी सुई तुटेचना. कारण सुई इतकी बारीक असते की ज्योतीतून पाण्यापर्यंत जाताना हवेतच गार होते. पाण्याची वाटी शेगडीला चिकटून ठेवली तेव्हा जमलं. सुई मोडताना ती फडक्यात गुंडाळून मोडावी. टोक उडून डोळ्यात जाण्याची भीती असते. आणि भंगारातल्या कोणत्याही तुकड्याला आच देण्याआधी तो पांढरट, जस्ताचा मुलामा दिलेला नाही ना हे पाहावं. पाण्याचे जी.आय. पाइप, पत्रे, तारा यांवरचं जस्त तापलं की पांढरा धूर निघतो आणि तो छातीत गेला तर थंडी वाजून ताप भरतो.

शक्य असेल तर सुया झाल्यावर घिसाड्याला शाळेत बोलवा, किंवा वर्ग त्याच्या पालावर न्या. मात्र त्या दिवसाचा रोजगार द्यायला विसरू नका. बाजाराच्या दिवशी तर अजिबात बोलावू नका. विळे-खुरपी शेवटून घ्यायला गिऱ्हाइकं त्याच दिवशी येतात. पालावरची मुलं तुमच्या शाळेच्या पटावर असतील तर रंगांचा तक्ता फळ्यावर लिहिण्याआधी त्यांना विचारून पाहा. पंखा फिरवणाऱ्या मुलाने आम्हांला तो तोंडपाठ सांगितला होता, अंश सेल्सिअस सोडून.

मामांनी करून दिलेली बारकी सुरी कार्यशाळेच्या स्वयंपाकघरात आहे. मध्यंतरी कुणीतरी ती दारावर आलेल्या धारवाल्याकडून विजेच्या चाकावर लावून घेतली. त्याने घाईत चाकावर दाबून धरली असावी, कारण टोकाकडचा दोन बोटं भाग निळा झालेला दिसतो. तिथलं पाणी उतरलं आहे. बाकीची सुरी टोमॅटो अलगद कापते, टोक मात्र सालीवरून घसरतं. मामांचं पाल पुन्हा त्या गावी पडेल तेव्हा तिला नव्याने पाणी द्यायचं आहे.